"शंभर जणांना विचारा" हे माझं वाक्य मी मागे घेतोय



आपल्या चॅनेलचे जुने प्रेक्षक असाल तर माझं एक वाक्य तुमच्या कानात पक्कं बसलेलं असेल. "धंद्यात पैसा घालण्याआधी शंभर जणांना विचारा." कितीतरी बॅचमध्ये आणि कितीतरी व्हिडिओत मी हे बोललोय. आज ते मागे घेतोय. विचारू नका असं मी म्हणत नाही, विचाराच. पण शंभर जण कोण, त्यातले कुठल्या प्रकारचे किती, हे न सांगता नुसतं "शंभर" म्हणणं ही माझी चूक होती. या चुकीवर कुणाचं सोनं गहाण पडू शकतं, हे मला एका बॅचमध्ये कळलं.

बॅचमधल्या एक ताई. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहतात. इडली-डोशाचं तयार पीठ विकायचा धंदा करायचा होता. मोठा वेट ग्राइंडर, डीप फ्रीजर, पॅकिंगचं मशीन असं सगळं कोटेशन हातात होतं. पैशांची सोय म्हणजे घरातलं सोनं तारण ठेवून कर्ज. सोबत २०० भरलेले फॉर्म होते. म्हणाल्या, "सर, तुम्ही शंभर सांगितले होते, मी दोनशे केले. पण इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं तर ते ३६२ म्हणतंय. अजून १६२ करू का?"

मी फॉर्म चाळले. त्यांची सोसायटी, भिशीचा ग्रुप, मुलीच्या शाळेतल्या आया, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक. सगळी घरं. एकही नाश्त्याचा गाडा नाही, एकही खाणावळ नाही. मी म्हटलं, "ताई, फॉर्म कमी पडलेत हा तुमचा प्रॉब्लेमच नाही. अजून १६२ अशीच घरं विचारलीत तरी तुम्ही आहात तिथेच राहाल."

त्या दिवशी आम्ही दोघांनी स्प्रेडशीट उघडून जो हिशोब केला, तोच आज तुमच्यासमोर मांडतोय. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल केलेत, त्यामुळे तुमच्या गावाला ते जसेच्या तसे लावू नका. पद्धत मात्र जशीच्या तशी उचला.

कॅल्क्युलेटरचं ३६२ येतं कुठून?

गावात समजा ६,००० घरं, १५० नाश्त्याचे गाडे आणि टपऱ्या, ५० हॉटेलं-खाणावळी-कॅन्टीन. एकूण ६,२०० गिऱ्हाइकं. कॅल्क्युलेटरला तुम्ही ६,२०० सांगता, ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक चालेल असं सांगता, आणि तो ३६२ काढून देतो. हिशोब बरोबर आहे. पण तो कोणत्या प्रश्नाचा हिशोब आहे? "हो की नाही" अशा प्रश्नाचा. आणि सगळी ६,२०० गिऱ्हाइकं एकाच पोत्यातली ज्वारी आहेत, कुठूनही मूठभर काढली तरी चालेल, असं धरून केलेला.

तुमचा प्रश्न "आवडेल का?" हा नाहीच. तुमचा प्रश्न आहे, या गावात आठवड्याला किती किलो पीठ विकत घेतलं जातं. घर आठवड्याला अर्धा किलो घेईल, हॉटेल ९० किलो घेईल. ही एका पोत्यातली ज्वारी नव्हे. एका टोकाला मोहरी आणि दुसऱ्या टोकाला भोपळा आहे.

आधी गट पाडा

संख्याशास्त्रात याला स्तरित नमुना म्हणतात. शब्द जड वाटला तर सोडून द्या, गोष्ट तुम्ही रोज करता. भाजीवाली पाटीतले टोमॅटो कडक, पिकलेले आणि मऊ असे वेगळे लावते, मगच भाव सांगते. तसंच गिऱ्हाईक आधी वेगळं लावायचं. एका गटातले लोक खरेदीच्या बाबतीत शक्य तितके एकमेकांसारखे असावेत, आणि दोन गट एकमेकांपेक्षा वेगळे असावेत. इथे तीन गट झाले: घरं, गाडे, हॉटेलं.

आता खरा प्रश्न. ताईंकडे वेळ किती? घर सांभाळून, महिनाभरात जास्तीत जास्त ९५ भेटी. मग या ९५ भेटी तीन गटांत वाटायच्या कशा? या एका प्रश्नासाठी जगात वेगळी सॉफ्टवेअर्स आहेत, त्यांच्याकडे मी नंतर येतो. आधी डोक्यानं करून बघू.

बहुतेक जण काय करतात? संख्येच्या प्रमाणात वाटतात. घरं ६,००० म्हणजे सर्वात जास्त, म्हणून बहुतेक भेटी घरांना. हिशोब केला तर घरांना ९२, गाड्यांना २ आणि हॉटेलांना १. ऐकायला न्याय्य वाटतं. पण ५० हॉटेलांची सगळी मागणी तुम्ही एका हॉटेलमालकाच्या उत्तरावर ठरवणार? तो चहा-बिस्किटवाला निघाला तर शून्य, आणि उडुपी निघाला तर आभाळाला भिडणार.

लोक किती आहेत यापेक्षा उत्तरं किती वेगळी येतात ते बघा

माझं आजचं मत एका वाक्यात सांगतो. कुठल्या गटात किती जणांना विचारायचं हे नुसत्या डोकेमोजणीवर ठरवू नका, त्या गटात उत्तरांचा चढउतार किती आहे हेही त्यात धरा.

भाताची परीक्षा शितावरून होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात सारखी शिजलेली असतात. पण दहा घरच्या दहा पातेल्यांची परीक्षा एका शितावरून कशी होईल? जिथे उत्तरं सारखी, तिथे थोडे पुरतात. जिथे उत्तरं वेगवेगळी, तिथे जास्त लागतात.

हा चढउतार मोजायचा कसा? त्यासाठी मोठ्या पाहणीआधी एक छोटी पाहणी करायची. ताईंना मी २२ भेटी दिल्या: १० घरं, ६ गाडे, ६ हॉटेलं. प्रश्न एकच. "गेल्या आठवड्यात किती किलो पीठ विकत घेतलं?" "घ्याल का?" असं विचारायचं नाही. "घ्याल का"ला माणूस तोंडदेखलं हो म्हणतो. गेल्या आठवड्याचा आकडा खिशातून गेलेला असतो, तो खरा.

उत्तरं अशी धरू.

घरं: सहा घरांनी शून्य, चार घरांनी १ किलो. सरासरी ०.४ किलो.

गाडे: ०, ८, १०, १२, १८, २४. सरासरी १२ किलो.

हॉटेलं: ८, २०, ३५, ४५, ६६, ९०. सरासरी ४४ किलो.

आता हे आकडे स्प्रेडशीटमध्ये टाका आणि एसटीडीईव्ही हे फंक्शन लावा. याला शाळेत आपण प्रमाण विचलन म्हणायचो. घाबरू नका, आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत एवढंच ते सांगतं. घरांचं येतं सुमारे अर्धा किलो, गाड्यांचं ८ किलो, हॉटेलांचं ३० किलो.

पुढची पायरी म्हणजे गटातली संख्या गुणिले त्या गटाचा चढउतार.

घरं: ६,००० × ०.५ = ३,०००

गाडे: १५० × ८ = १,२००

हॉटेलं: ५० × ३० = १,५००

बेरीज ५,७००. आता ९५ भेटी याच प्रमाणात वाटा. घरांना ५०, गाड्यांना २०, हॉटेलांना २५. झालं! याला नेमन वाटप म्हणतात. ५० हॉटेलांपैकी निम्मी तुम्ही गाठणार, आणि ६,००० घरांपैकी फक्त ५०. पहिल्यांदा बघणाऱ्याला उलटं वाटतं. ताईंनाही वाटलं. "सर, घरं इतकी असून इतकीच?" हो, इतकीच. कारण घरांचं उत्तर शून्य ते एक किलोच्या आत फिरतंय, तिथे फार आश्चर्य लपलेलं नाही.

फरक किती पडतो ते रुपयांच्या नजरेनं बघा

या गावाची आठवड्याची मागणी येते २,४०० किलो घरांची, १,८०० गाड्यांची आणि २,२०० हॉटेलांची. एकूण ६,४०० किलो. कुठल्याही पाहणीचा अंदाज थोडा खालीवर होणारच. किती खालीवर होईल, ते वाटपावर ठरतं.

९५ भेटी संख्येच्या प्रमाणात (९२, २, १) वाटल्या तर अंदाज साधारण ३,४७० किलोनं वर किंवा खाली जाऊ शकतो. म्हणजे बाजार २,९३० किलोचाही असेल किंवा ९,८७० चाही. यावरून काय ठरवणार?

त्याच ९५ भेटी ५०, २०, २५ अशा वाटल्या तर चूक सुमारे १,०७० किलो. बाजार ५,३३० ते ७,४७० च्या मध्ये.

समजा बाजाराचा विसावा हिस्सा तुम्ही काबीज कराल. पहिल्या पाहणीनुसार तुमची विक्री आठवड्याला १४६ ते ४९३ किलो. दुसऱ्या पाहणीनुसार २६६ ते ३७३ किलो. पहिल्या आकड्यावर ग्राइंडर घेणं म्हणजे जुगार. दुसऱ्यावर निदान कोणत्या मापाचा घ्यायचा हे कळतं. मेहनत तीच, चपला तेवढ्याच झिजल्या.

आता ते कॅल्क्युलेटरचं ३६२ बघा. तेवढ्या भेटी घेतल्या आणि संख्येच्या प्रमाणात वाटल्या, म्हणजे ३५० घरं, ९ गाडे आणि ३ हॉटेलं, तरी चूक सुमारे १,८८० किलो राहते. चौपट दमछाक करूनही ९५ नीट वाटलेल्या भेटींपेक्षा वाईट अंदाज! म्हणून मी म्हणतो, "किती जणांना विचारू?" हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, "कोणाला किती?"

हे शहाणपण आपल्या मातीतलंही आहे

ही पद्धत जर्झी नेमन या पोलिश संख्याशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाते. त्यांनी १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे हा विचार मांडला. रशियाचे चुप्रोव यांनी तो त्याच्या दहाएक वर्षं आधीच मांडला होता, आणि नेमन यांनी नंतर ते मान्यही केलं.

पण नेमन यांच्या सूत्रात एक अडचण होती, जी तुमच्याही मनात आली असेल. "चढउतार आधीच माहीत असता तर पाहणी कशाला केली असती?" नेमक्या याच अडचणीवर ज्यांनी काम केलं ते आपले होते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि लंडनला जाऊन नेमन यांच्या हाताखाली संशोधन केलं. १९३५ साली त्यांनी दाखवलं की छोट्या प्राथमिक पाहणीवरून चढउताराचा नुसता अंदाज घेतला आणि त्यावर वाटप केलं, तरी बहुतेक वेळा ते संख्येच्या प्रमाणातल्या वाटपापेक्षा सरस ठरतं. पुढे भारतात पिकांच्या उत्पन्नाच्या पाहण्या आणि मग संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राची जबाबदारी, असं मोठं काम त्यांनी केलं. ताईंच्या त्या २२ भेटींमागे एका सातारकराचा विचार आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. सांगलीकर ना!

आणि छोटी पाहणी चुकली तर? समजा हॉटेलांचा चढउतार ३० ऐवजी २० च वाटला. मग वाटप होतं ५५, २२, १८. चूक १,०७० वरून जाते सुमारे १,०९० वर. बस्स, २० किलोचा फरक. हे सूत्र इतकं सोशिक आहे. अगदी अचूक नसाल तरी चालतं, फक्त पार डोळे झाकून वाटू नका.

अजून एक कबुली. हे सगळं करायचा कंटाळा आला आणि तुम्ही ९५ भेटी सरळ तिघांत सारख्या वाटल्या, ३२, ३२, ३१, तर या उदाहरणात चूक सुमारे १,१७० किलो येते. म्हणजे जवळपास तेवढीच. प्रत्येक वेळी इतकं नशीब साथ देणार नाही. पण काहीच जमलं नाही तर गट पाडा आणि सारखे वाटा. माझ्या जुन्या "शंभर जणांना विचारा"पेक्षा ते कितीतरी बरं.

सरकारही असंच करतं

कुणाला वाटेल हे पुस्तकी आहे. तर बघा. आपल्या देशात कारखान्यांची वार्षिक पाहणी होते. त्यात वर्षानुवर्षं बऱ्याच राज्यांत १०० किंवा जास्त कामगार असलेले कारखाने सगळेच्या सगळे घेतले जातात, आणि लहान कारखान्यांतून नमुना काढतात. का? कारण मोठे थोडे असतात, आणि त्यांच्यातला एक सुटला तरी बेरीज डळमळते. तुमच्या गावातल्या तीन सर्वात मोठ्या हॉटेलांचं तसंच आहे. ती चिठ्ठीवर सोडू नका. त्यांचा वेगळा गट करून तिघांनाही भेटा.

घरांचंही तसंच. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत शहरी भागातल्या घरांचे गट पाडताना मोटारगाडीचा आधार घेतला होता. गाडी असलेली घरं थोडी असतात, पण त्यांचा खर्च फार पसरलेला असतो, म्हणून त्यांना वेगळं काढलं. तुमच्या धंद्यात "मोटारगाडी" कोणती ते तुम्ही शोधा. पीठाच्या धंद्यात कदाचित "नवरा-बायको दोघं नोकरीला" ही असेल.

सॉफ्टवेअर हवं का?

व्हिडिओखाली हा प्रश्न हमखास येतो. "सर, ॲप सांगा." माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. तीन-चार गट आणि एकच मुख्य प्रश्न असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. मोबाइलमधलं फुकट स्प्रेडशीट पुरतं. पाच रकाने करा: गटाचं नाव, संख्या, चढउतार, दोघांचा गुणाकार आणि भेटींचा वाटा. एका संध्याकाळचं काम.

मग ती मोठी सॉफ्टवेअर्स कुणासाठी? समजा तुम्ही तीन जिल्ह्यांत माल टाकणार आहात. गट झाले चाळीस. आणि प्रश्न एक नाही, तीन: किती किलो, काय भाव आणि किती दिवसांची उधारी. आता गंमत होते. किलोच्या प्रश्नासाठी हॉटेलांना जास्त भेटी हव्यात, भावाच्या प्रश्नासाठी घरांना, आणि उधारीच्या प्रश्नासाठी किराणा दुकानांना. तिन्ही प्रश्नांची चूक मर्यादेत ठेवून कमीत कमी खर्चात वाटप काय, हे हातानं होत नाही. यासाठी बेथेल यांची १९८९ सालची एक रीत आहे आणि सॉफ्टवेअर ती क्षणात चालवतं.

आर ही संगणकभाषा पूर्ण फुकट आहे. त्यात प्रॅकटूल्स नावाचं पॅकेज आहे, ते संख्येच्या प्रमाणातलं, नेमनचं आणि खर्च धरून केलेलं, असं तीनही प्रकारचं वाटप काढून देतं. सॅम्पलिंगस्ट्राटा नावाचं दुसरं पॅकेज इटलीच्या सरकारी सांख्यिकी संस्थेतल्या लोकांनी विकसित केलं. ते एक पाऊल पुढे जाऊन गट कुठे पाडावेत हेही शोधतं. सॅस या पैसे मोजून घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्येही नमुना काढताना वाटप कसं हवं, प्रमाणात, नेमन की खर्चासकट, असा पर्याय मिळतो. तुमच्या घरात कुणी बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगचं पोरगं असेल तर त्याला आर शिकायला सांगा. दोन रविवारात तो तुम्हाला हे काढून देईल.

पण एक लक्षात ठेवा. ही सगळी सॉफ्टवेअर्स तुम्हाला तीन गोष्टी विचारतात: गटात किती आहेत, चढउतार किती आहे आणि एका भेटीचा खर्च किती. या तीन गोष्टी कुठलंही सॉफ्टवेअर स्वतः शोधत नाही. गाडे मोजायला गावातून सकाळी सात वाजता चक्कर तुम्हालाच मारावी लागते. मशीनला पीठ लागतं. रिकामं जातं फिरवून भाकरी मिळत नाही.

तीन खड्डे, जिथे पाय मुरगळतो

पहिला खड्डा: थेट सरासरी. हा सर्वात धोकादायक. ताईंच्या ९५ उत्तरांची सरळ सरासरी काढली तर येते १४.३ किलो. त्याला ६,२०० नं गुणलं तर बाजार होतो जवळपास ८९,००० किलो! खरा आहे ६,४००. चौदा पट फुगा. का झालं? आपण हॉटेलं मुद्दाम जास्त घेतलीत, म्हणून सरासरीत त्यांचं पारडं जड झालं. म्हणून प्रत्येक गटाची सरासरी वेगळी काढा, त्या गटाच्या संख्येनं गुणा आणि मगच बेरीज करा. ही पायरी विसरणार असाल तर हे वाटप करूच नका, त्यापेक्षा न केलेलं बरं. एवढ्या एका चुकीवर कुणी तीन ग्राइंडर घेऊन बसेल.

दुसरा खड्डा: ओळखीचे. गट पाडले, वाटा काढला आणि मग त्या गटातले ओळखीचेच गाठले. सगळं मुसळ केरात. ५० घरं हवीत आणि ६,००० आहेत, तर यादीत दर १२० वं घर घ्या. पहिलं घर १ ते १२० मधून चिठ्ठीनं काढा. हॉटेलं निम्मी हवीत, तर यादीत एक सोडून एक. दार बंद असेल तर पुन्हा जा. शेजारच्याला विचारून मोकळं होऊ नका. जी घरं दिवसभर बंद असतात, त्यांनाच तुमचं तयार पीठ हवं असण्याची शक्यता जास्त.

तिसरा खड्डा: भेटीचा खर्च न धरणं. घरात दहा मिनिटांत काम होतं. हॉटेलमालक गर्दीत असतो, तुम्हाला चाळीस मिनिटं बसवतो. म्हणजे त्या भेटीचा खर्च चौपट. मग हॉटेलांचा वाटा चौथाई करायचा का? नाही. सूत्रात खर्चाचं वर्गमूळ येतं. चारचं वर्गमूळ दोन, म्हणून १,५०० ला दोननं भागून ७५० धरा आणि वाटप पुन्हा करा. भेट महाग असली तरी हॉटेलं सोडायची नाहीत. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. जिथे चहा मिळतो, बसायला खुर्ची मिळते, तिथेच सर्व्हे होतो.

मग ताईंचं काय झालं?

काही चमत्कार झाला नाही, आणि मी तो सांगणारही नाही. महिनाभर फिरून त्यांनी ९५ भेटी केल्या. आधीच्या २०० फॉर्मनी सांगितलेलं नव्हतं असं त्यात दोन गोष्टींचं कळलं. एक म्हणजे गावातली निम्म्याहून जास्त घरं पीठ घरीच वाटतात आणि "छान आयडिया" म्हणणं आणि विकत घेणं यात फार अंतर आहे. दुसरं म्हणजे गाडेवाले रोज पहाटे घेतात, रोख देतात आणि त्यांना फॅन्सी पॅकिंग नको, डबा हवा. हॉटेलवाल्यांची मागणी मोठी, पण उधारीही मोठी.

त्यांनी पॅकिंगचं मशीन रद्द केलं. ग्राइंडर अर्ध्या क्षमतेचा घेतला. फ्रीजर जुना घेतला. सुरुवात गाड्यांपासून केली. सोनं अजून घरातच आहे. धंदा मोठा झाला का? अजून नाही. पण आज ना उद्या चुकला तरी तो चूक पेलण्याएवढा आहे. नवीन उद्योजकाला मी एवढंच देऊ शकतो, आणि माझ्या मते हे पुष्कळ आहे.

म्हणून यापुढे माझं वाक्य असं असेल: आधी गट पाडा, वीस-पंचवीस जणांना विचारून चढउतार बघा, मग ठरवा कोणाला किती विचारायचं. वाक्य लांब झालं, थंबनेलवर मावणार नाही. पण दोन-चार लाखांचा प्रश्न आहे मित्रांनो, थोडं लांब वाक्य चालवून घ्या.

तुमच्या धंद्यातले गट कोणते, आणि सर्वात जास्त चढउतार कुठल्या गटात आहे असं तुम्हाला वाटतं? एक कागद घ्या आणि आज रात्री जेवणाआधी लिहून काढा. उद्या सकाळी सात वाजता चक्कर मारायला निघा.